दामूचे सिंह

चामराजपेट, बेंगळूर
रविवार, ७ फेब्रुवारी १९६०

चि. दामूस अक्काचे आशीर्वाद.

तुझं निळं हवाईपत्र गुरुवारीच आलं, पण घरच्या रिवाजाप्रमाणे आज कॉफीच्या वेळी उघडलं. अप्पा गेले तरी त्यांचा नियम मी मोडलेला नाही. आफ्रिकेचं पत्र रविवारी, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायचं. शेजारचे शेषगिरीअण्णा पोस्टमास्तरकीतून निवृत्त झाले, तरी आधी शिक्का तपासतात आणि मगच पत्र माझ्या हातात देतात. मल्लाप्पा कोपऱ्यावरचं कॉफीपुडीचं दुकान अर्धा तास बंद ठेवून येतो, त्याला मी मधेमधे कानडीत सांगते. भागुबाई फुलांची टोपली घेऊनच उंबऱ्यात बसते. मालगाडीपुढे रुळांवर सिंहीण झोपली होती आणि तू शिट्टी फुंकून तिला उठवलंस, तिथे भागुबाईच्या हातातली शेवंतीची माळ खाली पडली. "अगं बाई, आपला दामू तो!" म्हणाली. कोण मिरवलं असेल सांग? मीच!

आता माझी बातमी. मार्चअखेर मी शाळेतून निवृत्त होते. एकतीस वर्षं मल्लेश्वरमच्या मुलींना भूगोल शिकवला. किलिमांजारो म्हणजे फळ्यावर खडूचा त्रिकोण, आणि समुद्र म्हणजे निळा खडू आडवा धरून घासायचा. मी समुद्र पाहिलेला नाही दामू. पंचावन्न वर्षांची झाले, आणि माझी धाव म्हैसूर आणि एकदा धारवाड एवढीच. लहानपणी लग्न झालं, वर्षात कपाळ पांढरं करून परत आले, शिकले, शिकवलं. कुणाजवळ काही मागितलं नाही. आता तुझ्याजवळ मागते. मला तिकडे यायचंय. तुझे सिंह, पाण्याच्या टाकीवर येऊन बसलेला तो बिबट्या, मोंबासाच्या समुद्रावरचा तुझा बंगला, सगळं माझ्या डोळ्यांनी बघायचंय. आणि तुलाही. सत्तावीस वर्षांत डोक्यावर केस किती उरले ते फोटोत कळत नाही, टोपी घालून बसतोस लबाडा.

नाही म्हणू नकोस.

तुझी अक्का
हेमलता


नैरोबी
२१ फेब्रुवारी १९६०

ती. अक्कास दामूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. तू येणार! याहून मोठा आनंद कोणता? जरूर ये. फक्त घाई नको. इथे मार्चपासून जो पाऊस लागतो तो विचारू नकोस, रस्ते वाहून जातात, मोटारी गळ्यापर्यंत चिखलात. शिवाय जहाज. मुंबईहून निघालं की आठ-दहा दिवस नुसतं पाणी, पोटातलं सगळं बाहेर. मी येताना डोळे मिटून पडून होतो ते मोंबासालाच उघडले. तुला ते झेपायचं नाही. खाण्याचे हाल आहेत, आपल्यासारखी वांगी इथे मिळत नाहीत. आणि मोंबासाचा बंगला सध्या दुरुस्तीला काढला आहे. छप्पर उतरवलंय. कधी पुरं होईल सांगता येत नाही.

मंडळींना माझा नमस्कार सांग, आणि हे त्यांना वाचून दाखव. गेल्या मंगळवारी मी लाइनीवर तपासणीला गेलो होतो. दुपारची वेळ. स्टेशनमास्तरच्या खोलीत कागद बघत बसलो होतो, तोच दार ढकलून एक आयाळवालं धूड आत आलं! मास्तर टेबलावर चढले. मी मात्र जागचा हललो नाही. हातातली दौत उचलली आणि लाल शाई त्याच्या नाकावर फेकली. तो असा गर्जला की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, आणि मागच्या पावली गेला. अजून त्या भागात लाल नाकाचा सिंह दिसतो म्हणतात.

तेव्हा स्वल्प सबूर कर. पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी नक्की बघू.

तुझा
दामू


चामराजपेट, बेंगळूर
रविवार, १३ मार्च १९६०

चि. दामूस आशीर्वाद.

लाल नाकाचा सिंह फार गाजला. मल्लाप्पाने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला.

आता मुद्द्याचं. भूगोलाच्या मास्तरणीला पावसाची भीती घालतोस होय रे? तुमच्याकडचा मोठा पाऊस मार्च ते मे. जूननंतर आपल्याकडचा मोसमी वारा, तेव्हा अरबी समुद्र खवळलेला. म्हणून मी जानेवारी धरला आहे. जानेवारीत वारा इकडून तिकडे वाहतो, समुद्र शांत, तुमच्याकडे कोरडं. हजार वर्षं गलबतं याच वाऱ्याने जात आली. वांगी मी इथून वाळवून आणते. आणि बंगल्याला छप्पर नसेल तर उत्तमच, चांदणं दिसेल.

मी वेळापत्रकच आखलं आहे. मोंबासाला उतरायचं, पण समुद्राकडे तेव्हा बघायचं नाही, तो शेवटी ठेवायचा. आधी आगगाडीने नैरोबी. तिथून अंबोसेली, किलिमांजारोसाठी. मग त्सावो, हत्तींसाठी. आणि मग मोंबासाला परत येऊन आठ दिवस वाळूत पाय पसरून बसायचं. सिंह तुझ्या ओळखीचे, ते तू कुठेही दाखव. पासपोर्टासाठी शेषगिरीअण्णांनी मद्रासला कागद पाठवले. हरकती असतील तर कळव, मी खोडून काढते.

अक्का


चामराजपेट, बेंगळूर
रविवार, १२ जून १९६०

चि. दामूस आशीर्वाद.

तीन महिने झाले, तुझं अक्षर नाही. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नाही. रविवारी मंडळी येतात, कॉफी पितात, दाराकडे बघतात आणि उठून जातात. शेषगिरीअण्णा म्हणतात टपालाचा घोळ असेल, पण त्यांचाही विश्वास नाही. आजारी आहेस का? माझ्या येण्याचं ओझं झालं असेल तर तसं स्पष्ट लिही. मी येत नाही. पण लिही रे बाबा.

अक्का


नैरोबी
३ जुलै १९६०

ती. अक्कास दामूचा नमस्कार.

मी बरा आहे. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

इथे रेल्वेच्या कारखान्यात बसवंत नावाचा मेस्त्री आहे, निपाणीचा. त्याची जुनी मोटार आहे. गेल्या रविवारी तो म्हणाला, दामूअण्णा, अक्का येणार तर आधी आपण एक फेरी मारून येऊ. गावाबाहेर सरकारने राखलेलं जंगल आहे, माझ्या खोलीपासून चार मैल. फाटकातून आत गेलं की गवत. झाड क्वचित. मागे वळून पाहिलं तर शहरातल्या इमारती दिसतात.

पुढे जाऊन त्याने गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. मला काही दिसेना. गवताच्याच रंगाचं गवत. मग त्या गवताने डोळे उघडले. दहा हातांवर सिंह होता अक्का. मी काच वर केली. तो गर्जला नाही. उठला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्यातून पलीकडे पाहिलं, जसं आपण खिडकीतून पाहतो. मी तिथे आहे याची त्याला गरजच नव्हती. मग त्याने जांभई दिली आणि परत झोपला. त्याच्या कानावर माशी बसली होती.

मी काहीही केलं नाही. अर्धा तास आम्ही तसेच बसलो. 

एवढंच आहे. जानेवारी ठीक आहे. ये.

दामू


चामराजपेट, बेंगळूर
रविवार, २४ जुलै १९६०

चि. दामूस आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला. पत्र वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर मल्लाप्पा म्हणाला, "अष्टे?" म्हणजे एवढंच? भागुबाई म्हणाली, दामूला बरं नाही वाटतं, नाहीतर त्याने त्या सिंहाला झोपू दिलं असतं होय? शेषगिरीअण्णांनी शिक्का पुन्हा एकदा तपासला.

पण मंडळी गेल्यावर मी ते पत्र एकटीने चार वेळा वाचलं. गवताने डोळे उघडले, तिथे दर वेळी माझ्या अंगावर काटा आला. तुझी दोनशेच्या वर पत्रं ट्रंकेत आहेत दामू, पण असं एकही नाही. मंडळींचं मनावर घेऊ नकोस. असंच लिही. आणि बसवंतला माझा आशीर्वाद सांग, त्याला विचार, निपाणीचा तंबाखू तिकडे मिळतो का, मी आणते.

पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखी दिसते.

अक्का


नैरोबी
११ सप्टेंबर १९६०

ती. अक्का,

पंधरा दिवसांची रजा काढून बसवंतबरोबर सगळं हिंडून आलो. तू येशील तेव्हा कुठे उतरायचं, पाणी कुठे मिळतं, गाडी कुठे रुतते हे बघून ठेवायला गेलो. आता लिहायला बसलोय तर हात चालत नाही. खोटं लिहिताना कसा भराभर चालायचा!

अंबोसेलीला आम्ही उजाडताना पोचलो. समोर नुसते ढग. बसवंत म्हणाला, डोंगर तिथे आहे. मी ढगांच्या खाली शोधत राहिलो. तो म्हणाला, वर बघा. मान वर केली. आणखी वर, म्हणाला. आणि ढगांच्याही वर, जिथे डोंगर असायचं काही कारणच नाही, तिथे पांढरं शिखर होतं. खाली काही नाही, मधे ढग, आणि वर आकाशात बर्फ. मी टोपी काढली. का काढली मला माहीत नाही. अर्ध्या तासात ढग चढले आणि सगळं पुसलं गेलं, पण मी तिकडेच बघत होतो.

त्सावोचे हत्ती लाल असतात. तिथली माती तांबडी, ती ते अंगावर उडवून घेतात. संध्याकाळी ते रस्ता ओलांडायला लागले. आम्ही गाडी बंद केली. मी मोजत होतो, सत्तरच्या पुढे चुकलो. आणि अक्का, आवाज नाही! एवढं प्रचंड जनावर, पावलाचा आवाज नाही. त्यांच्या पोटातून एक गुरगुर येते, ती कानाला कळत नाही, गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला की हाताला कळते. एक पिल्लू मधेच थांबलं. त्याची आई थांबली. मग ती सगळी रांग थांबली. पिल्लाने एक काटकी उचलली, टाकली, परत उचलली. त्याचं होईपर्यंत कुणी हललं नाही. मला म्हैसूरचा दसरा आठवला. सजवलेल्या हत्तीला बघून मी अप्पांच्या धोतरात तोंड लपवलं होतं, आणि अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले होते, हा भित्रा पोर काय दिवे लावणार? मी सात वर्षांचा होतो. आमच्या रांगेत कुणी थांबलं नाही. तू थांबली होतीस.

मग मोंबासाला समुद्रावर गेलो. ओहोटी होती. पाणी मैलभर मागे गेलेलं, मधे ओली वाळू, डबकी, त्यांत निळे मासे, आणि लांब प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटत होत्या. मग पाणी परत आलं. कुणी बोलावलं नाही, कुणी ढकललं नाही, आपलं आलं, माझ्या घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मी तसाच उभा राहिलो.

आता ते सांगतो ज्यासाठी हे पत्र. अक्का, मी सत्तावीस वर्षं नैरोबीच्या मालधक्क्यावर कारकुनी केली. लाइनीवर कधीच गेलो नाही. मोंबासाहून इथे आलो तोही खिडकी लावून, कारण डब्यात कुणी सिंहांच्या गोष्टी सांगत होतं. पहिल्या वर्षी अप्पांनी लिहिलं, सिंह पाहिलास का? मी लिहिलं, पाहिला. त्यांचं उत्तर आलं, शाबास. आयुष्यात पहिल्यांदा मला शाबास मिळालं. मग मी सिंह पुरवत गेलो. अडतीस साली तर टाकीवर पट्ट्यापट्ट्यांचा वाघ बसवला, आणि मागून कळलं की आफ्रिकेत वाघच नसतो! तू भूगोलाची, तू त्याला बिबट्या म्हणतेस, माझ्यावर दया करून म्हणतेस की विसरलीस कळत नाही. मोंबासाचा तो बंगला तर मी कधी बांधला ते काही केल्या आठवत नाही, पण बांधला असणारच, माझं काय सांगावं. अप्पा गेले तेव्हाही आलो नाही. रजा मिळत होती. पण तिथे सगळे सिंहांचंच विचारणार, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघून ते सांगता येणार नव्हतं. पत्रात येतं, तोंडाने येत नाही.

आता तुला ठरवायचंय. अशा भावाकडे यायचं असेल तर ये. नाही आलीस तरी मी तक्रार करणार नाही.

दामू

ता. क. जागा संपली म्हणून या शेवटच्या घडीवर लिहितो. हे पत्र कृपा करून मोठ्याने वाचू नकोस.


चामराजपेट, बेंगळूर
रविवार, २ ऑक्टोबर १९६०

चि. दामू,

अरे शहाण्या, असली सूचना पत्राच्या डोक्यावर लिहायची असते!

गेल्या रविवारी झालं असं. शुक्रवारी मी परदेशी जायच्या लशी टोचून घेतल्या. रविवारपर्यंत दंड भोपळ्याएवढा, अंगात ताप. मधल्या खोलीत पडून होते. मंडळी जमली. मी आतून म्हटलं, अण्णा, आज तुम्हीच वाचा. आता शेषगिरीअण्णा पडले पोस्टमास्तर, पत्रावरचं छापील अक्षरही सोडत नाहीत. "येथे कापा" इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि घडीमागून घडी क्रमाने वाचत, मल्लाप्पाला कानडीत सांगत गेले. तुझी शेवटची घडी त्यांनी शेवटीच वाचली. "हे पत्र कृपा करून मोठ्याने वाचू नकोस," हे त्यांनी खणखणीत वाचलं.

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मला वाटलं, संपलं. माझ्या भावाची अब्रू त्याच्या अंगणात गेली. मग मल्लाप्पाचा आवाज आला. वाघ? तो म्हणाला, अक्कांनी तर बिबट्या सांगितला होता. अण्णा म्हणाले, ट्रंक काढा. त्यांनी अडतीस सालचं पत्र शोधलं. वाघ होता. मग दुसरं काढलं, तिसरं काढलं. आणि दामू, त्या ट्रंकेत तुझ्याआधी मी सापडले.

तुझा वाघ मी वाचता वाचता बिबट्या केला, कारण त्याच आठवड्यात मुलींना शिकवलं होतं की आफ्रिकेत वाघ नाही. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं मला माहीत आहे. तू टाकीवर वाघ आणलास तेव्हाच मला समजलं की माझा दामू खोलीत बसून लिहितो आहे आणि एकटा आहे. मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी बरं, पण मी मदत करायला लागले. जिथे तुझा सिंह अशक्य उडी मारायचा तिथे मी ती कमी करायची. पत्र लहान असलं की दोन हरणं माझ्या पदरची घालायची. मल्लाप्पाला कानडीत सांगताना तर मला कुणी धरणारच नव्हतं.

आणि बंगला. तो तू बांधलेला नाहीस. एकोणपन्नास साली अप्पांचे शेवटचे दिवस होते. रविवार आला आणि तुझं पत्र आलं नाही. अप्पा म्हणाले, हेमा, दामूचं वाच. मी ट्रंकेतून एक जुनं हवाईपत्र उचललं, डोळ्यांपुढे धरलं आणि वाचलं की दामूने मोंबासाला समुद्रावर बंगला बांधला आहे. चार खोल्या, पुढे व्हरांडा, अप्पांसाठी आरामखुर्ची. अप्पा हसले. म्हणाले, "घर बांधलं ना? मग झालं." सिंहांचं त्यांनी त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही. तुझे सिंह त्यांना खरे वाटत होते की नाही, मला आजही माहीत नाही. पण घर बांधलं यावर ते निवांत झाले, आणि बुधवारी गेले. पुढे मंडळी बंगल्याचं विचारत राहिली, मी सांगत राहिले, आणि अकरा वर्षांत असं झालं की तो मी बांधला हे मीच विसरले! तुला फेब्रुवारीत लिहिताना मला खरोखर वाटत होतं की तिथे व्हरांड्यात बसायचं आहे. तू छप्पर उतरवलंस तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं. मूर्खासारखी आपण दोघं!

तर मी पांघरुणात आणि बाहेर ट्रंक उघडी. भागुबाई आत आली. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "अक्का, त्या पिल्लाने काटकी टाकली, मग पुढे काय झालं? ते परत वाचायला सांगा." अण्णांनी पुन्हा वाचलं. हत्ती थांबले तिथे थांबून त्यांनी चष्मा पुसला. मल्लाप्पाने दुकान उघडलंच नाही त्या दिवशी. जाताना म्हणाला, दामूअण्णांना लिहा, हे आधी का नाही सांगितलं? त्या लाल नाकापेक्षा हे किती मोठं आहे!

मी १४ जानेवारीच्या जहाजाचं तिकीट काढलं आहे. मोंबासाला धक्क्यावर ये. टोपी घालू नकोस.

तुझी अक्का


नैरोबी
३० ऑक्टोबर १९६०

ती. अक्कास दामूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो. अप्पांची आरामखुर्ची वाचली आणि मालधक्क्यावर पोत्यांच्या मागे जाऊन रडलो. बावीस वर्षं माहीत होतं तुला! आणि मी इथे घाबरत बसलो.

सगळं ठरलं. अंबोसेलीत बसवंत तंबू लावेल. त्सावोजवळ रेल्वेचा एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे दोन दिवस. समुद्रावरच्या गोऱ्यांच्या हॉटेलांत आपल्याला खोली मिळेल याची खात्री नाही, म्हणून एका कच्छी दुकानदाराच्या वाडीत सोय केली आहे. नारळाची झाडं, आणि एक गोरखचिंच, तिच्या बुंध्याला आपण आठ माणसांनी हात धरले तरी पुरायचे नाहीत. वाळूपर्यंत चाळीस पावलं. बंगला नाही, पण खाट आहे.

सिंह दिसेलच असं सांगत नाही. दिसला तर दिसला.

दामू


मोंबासा
रविवार, १२ फेब्रुवारी १९६१

शेषगिरीअण्णा, भागुबाई, मल्लाप्पा आणि रविवारची सगळी मंडळी, यांस हेमलताचा नमस्कार.

अण्णा, हे तुम्हीच वाचा. "येथे कापा"सकट वाचा. मी यात एकही शब्द पदरचा घातलेला नाही. घालायचा म्हटला तरी सापडत नाही.

धक्क्यावर एक टकला माणूस उन्हात उघड्या डोक्याने उभा होता. मी वरूनच ओळखला. त्याने पाया पडायला वाकावं आणि मी त्याला धरावं, तेवढ्यात मागून हमाल ओरडला आणि आम्ही दोघं बाजूला झालो. सत्तावीस वर्षांनंतरची भेट अशी झाली.

डोंगर पाहिला. एकतीस वर्षं मी मुलींना खडूचा त्रिकोण दाखवत होते. त्या सगळ्या मुलींची मी माफी मागते. तो त्रिकोण नाही. तो पहाटे गुलाबी असतो, मग पिवळा, मग इतका पांढरा की डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याच्या पायथ्याशी जिराफ चालतात, अगदी सावकाश, जणू त्यांना तो रोजचा आहे. रोजचाच आहे त्यांना! मी पन्नाशी उलटलेली बाई तंबूच्या बाहेर अनवाणी उभी होते आणि बसवंत मला चप्पल आणून देत होता, ते मला कळलंसुद्धा नाही.

हत्ती पाहिले. दामू म्हणाला, पत्र्यावर हात ठेव. मी ठेवला. भागुबाई, खरं आहे. ते हाताला कळतं. मी दामूकडे पाहिलं, तर तो घाबरलेला होता. दुसरा हात त्याने दाराच्या कडीवर घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडली होती, आणि तरी त्याची नजर हत्तींवरून हलत नव्हती. तेव्हा मला कळलं की हा माझ्यासाठी असा एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला आहे. अप्पा असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं, त्यातला एकही शब्द न बदलता.

सिंह तीन दिवस दिसला नाही. चौथ्या दिवशी एक सिंहीण दिसली, पाठमोरी. मल्लाप्पा, अष्टे.

समुद्र मी ठरल्याप्रमाणे शेवटी ठेवला होता. बोटीवरून दिसत होता तो मी हिशेबात धरत नाही. परवा डोळे मिटूनच वाळूवर उतरले. दामू म्हणाला, डोळे उघड अक्का. मी उघडले. आणि अण्णा, पाऊण तास मी हातातल्या चपला खाली ठेवायचंच विसरले. एवढं मोठं काही असतं आणि ते कुणाचं नसतं, कुणासाठी नसतं, हे मला माहीत नव्हतं. पाणी माझ्या पायांपर्यंत आलं तेव्हा मी मोठ्याने हसले. दामू म्हणतो मी किंचाळले.

आज सकाळी आम्ही दोघांनी फिरून बंगल्याची जागा ठरवली. गोरखचिंचेच्या डावीकडे. चार खोल्या बसतात. व्हरांडा पूर्वेला, आणि अप्पांची खुर्ची भिंतीच्या अंगाला, वारा लागू नये म्हणून. दामूने काठीने वाळूत रेघा मारल्या. दुपारच्या भरतीत गेल्या. आम्ही बघत होतो.

एक सांगायचं राहिलं. परतीच्या जहाजावर दोघांची तिकिटं काढली आहेत. दामूला सहा महिन्यांची रजा मिळाली. घरी आला की त्याला लगेच काही विचारू नका. कॉफी द्या, कडक, आणि स्वल्प वेळ द्या. तो आपणहून सांगेल. नाही सांगितलं तरी चालेल.

पुढच्या चार ओळी त्याच्या हातच्या आहेत.

मंडळींना दामूचा नमस्कार. अक्काने लिहिलेलं सगळं मी तपासलं. बरोबर आहे, फक्त ती खरंच किंचाळली होती. जहाजाची मला अजून भीती वाटते, आणि तुमच्यासमोर येऊन बसण्याची त्याहून जास्त. तरी येतो आहे.